कंटेनर भरण्याआधी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या एका गटाने ४०,००० डॉलर जमवलेत. हैती किंवा मलावीसारख्या गरीब देशात, खेड्यातल्या आणि जिथे डॉक्टर-नर्स शिकतात अशा एखाद्या रुग्णालयाला ते द्यायचेत. ओळखीच्या एका हॉस्पिटलातून जुनी भुलीची यंत्रं, दोन व्हेंटिलेटर, एक सोनोग्राफी मशीन आणि वैद्यकीय पुस्तकांची खोकी फुकट मिळतायत. कंटेनर पाठवायला १४,००० डॉलर पडतील. शिवाय गटातले दोन सर्जन दहा दिवसांचं शस्त्रक्रिया शिबिर घ्यायला तयार आहेत. हे करावं का?

कंटेनर पाठवू नका. शिबिराचं पुढे सांगते. पैसे मात्र जरूर द्या, पण एकदम नाही आणि वस्तूंवर नाही.

मी भूलतज्ज्ञ. सेवाग्रामला शिकले, बरीच वर्षं विदर्भात नोकरी केली आणि पन्नाशीच्या आसपास तीन वर्षं मलावीतल्या एका मिशनच्या रुग्णालयात काढली. तिथे नर्सिंगची शाळा होती, इंटर्न यायचे आणि भूल द्यायला शिकणारे क्लिनिकल ऑफिसर असायचे. मलावीत भूल मुख्यतः हेच लोक देतात. ते एमबीबीएस नसतात. आपल्याकडे हे सांगितलं की भुवया वर जातात. पण त्यांच्यातल्या दोघांच्या हाती मी माझ्या सख्ख्या बहिणीला निर्धास्त सोपवलं असतं.

पोचले त्या आठवड्यातच ऑपरेशन थिएटरमागच्या बोळात एक देखणं भुलीचं यंत्र दिसलं. त्याच्या वरच्या फळीवर धुतलेल्या चादरींच्या घड्या, खालच्या ड्रॉवरमध्ये कुणाचा तरी जेवणाचा डबा. अमेरिकेतून आलेलं, देणाऱ्यांच्या नावाची पट्टी अजून चकचकीत. यंत्र ११० व्होल्टचं, मलावीची वीज २३० ची. कुणीतरी ट्रान्सफॉर्मर जोडून ते चालूही केलं होतं म्हणे, आणि मग खरी अडचण कळली. ते यंत्र भिंतीतल्या पाइपातून दाबाने येणाऱ्या ऑक्सिजनवर चालणारं होतं आणि तिथल्या भिंतीत पाइपच नव्हता. सिलिंडर जोडू म्हटलं तर तोंड जुळेना. अमेरिकेत ऑक्सिजनची नळी हिरवी असते, ब्रिटिश वळणाच्या देशांत पांढरी, आणि जोडणीही वेगळी. एकाचं दुसऱ्यात बसू नये अशीच ती केलेली असते, कारण चुकीचा वायू गेला तर माणूस टेबलावरच जातो. त्यात भर म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम परदेशातून मागवायचा, ऑक्सिजन मोजणारा सेल संपलेला, आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं. थोडक्यात, चादरी ठेवायला उत्तम.

आणि थिएटरच्या आत जे यंत्र रोज चालत होतं ते दिसायला एखाद्या जुन्या दवाखान्यातल्या ट्रॉलीसारखं. डॉ. पॉल फेंटन हे ब्रिटिश भूलतज्ज्ञ ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात अनेक वर्षं होते. तिथे वीज जाते, सिलिंडर येत नाहीत, हे रोज सोसून त्यांनी जे यंत्र बेतलं त्यातून पुढे युनिव्हर्सल ॲनेस्थेशिया मशीन तयार झालं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, त्याच्या पोटातच असतो. वीज गेली की ते खोलीतली हवा ओढून घेतं आणि भूल चालू राहते. सिझेरियनच्या मध्यावर दिवे गेले आणि कुणी मानसुद्धा वर केली नाही, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. इंटर्नने मोबाइलचा टॉर्च लावला, सिस्टरने आणखी एक लावला, काम पुढे.

आता आमच्या टेक्निशियनबद्दल सांगते, कारण माझं सगळं उत्तर त्याच्यातच आहे. पंचविशीतला मुलगा, जवळच्याच गावचा. एकदा मुलांच्या वॉर्डातला कॉन्सन्ट्रेटर त्याच्याकडे आला. आवाज नेहमीसारखा, दिवा हिरवा, पण न्यूमोनियाचं बाळ काही सुधारेना. त्याने मोजलं तर ऑक्सिजन ६८ टक्के. ८२ च्या खाली गेला तर ते यंत्र उपचाराच्या कामाचं नाही. मागचं झाकण काढलं. फिल्टरवर लाल मातीचा थर इतका, की बोटाने नाव लिहावं. नळाखाली धुतला, खिडकीत वाळवला, एक व्हॉल्व बदलला, पुन्हा मोजलं: ९२. एकूण खर्च साबणाचा. तो व्हॉल्वही त्याने दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढून जपून ठेवला होता म्हणून मिळाला. दर सोमवारी तो नर्सिंगच्या मुलींना बोलावून फिल्टर धुवायला लावायचा. त्या कुरकुरत धुवायच्या, पण त्यांच्यातली एकही पुढे कुठल्या आरोग्य केंद्रात गेल्यावर धुळीने भरलेल्या यंत्रावर बाळ ठेवणार नाही.

हा मुलगा दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेला. पगार तीन महिने थकला होता, आणि परदेशी पैशावर चालणाऱ्या एका प्रकल्पाने त्याला दुपटीहून जास्त पगारावर गाड्यांचा हिशेब ठेवायला घेतलं. त्या प्रकल्पाचं काम काय, तर ग्रामीण रुग्णालयांचं सबलीकरण! पुढच्या सहा महिन्यांत आमचे पाच कॉन्सन्ट्रेटर बोळात त्या अमेरिकन यंत्राशेजारी जाऊन बसले.

हे फक्त आमच्याकडचंच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १६ देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या होत्या. सुमारे ४० टक्के बंद. कारणं तीच: चालवणाऱ्याला शिकवलेलं नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाणी धड नाही. आणि साधनं अपुरी असलेल्या रुग्णालयांत बिघडलेल्या यंत्रांपैकी निम्म्याहून बरीच जास्त यंत्रं बाहेरून महागडे सुटे भाग न मागवता, साध्या कौशल्यावर सुरू होऊ शकतात, असंही दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. प्लग, फ्यूज, नळी, फिल्टर, बॅटरी. हे करणारा माणूस लागतो, आणि तो महिनाअखेर पगार मागतो. दानाच्या पावतीवर त्याचा फोटो छान येत नाही, एवढीच अडचण.

औषधं आणि पुस्तकांचंही उरकून टाकते. १९९२ ते १९९६ च्या दरम्यान बॉस्नियात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली, ती जाळायचा खर्च वेगळा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा, की पोचल्यावर औषधाची किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी. पुस्तकांच्या खोक्यांना तर हातच लावू नका. २००२ पासून हिनारी नावाची सोय आहे. गरीब देशांतल्या वैद्यकीय शाळांना हजारो जर्नल्स त्यावर फुकट किंवा नाममात्र पैशांत वाचता येतात. तिथे अडतं ते इंटरनेटच्या बिलापाशी. आणि कंटेनर मलावीला पोचतो कसा, तेही बघा: त्या देशाला समुद्रच नाही. बेइरा, नकाला किंवा दार-ए-सलाम बंदरात उतरायचा, तिथून ट्रकने, आणि कस्टमची कागदपत्रं अडकली की जागेचं भाडं दिवसागणिक रुग्णालयाच्या डोक्यावर.

तुम्ही हैतीचं नाव घेतलंत म्हणून तिथल्या मिरबले गावच्या रुग्णालयाचं उदाहरण. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्समधलं मुख्य सरकारी रुग्णालय मोडून पडलं, सरकारी नर्सिंग शाळा कोसळली, आत शिकणाऱ्या मुली होत्या. देशात डॉक्टर घडवण्याची मुख्य जागाच गेली. पॉल फार्मर यांची पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि तिची हैतीतली भगिनी संस्था झानमी लासांते तिथल्या ग्रामीण भागात ऐंशीच्या दशकापासून काम करत होत्या. राजधानीपासून साधारण ५० किलोमीटरवरच्या मिरबलेत त्यांचा आधी लहानशा रुग्णालयाचा बेत होता; तो आरोग्य मंत्रालयाच्या सांगण्यावरून वाढून ३०० खाटांचं विद्यापीठ रुग्णालय झालं आणि २०१३ मध्ये सुरू झालं. छतावर सुमारे १,८०० सौर पॅनेल. देणग्या जगभरातून आल्या. इमारतीसाठी त्या येतातच.

मला विचाराल तर त्यातली खरी हुशारी पॅनेलमध्ये नव्हती. सुरुवातीपासून तिथे निवासी डॉक्टरांचं प्रशिक्षण चालू झालं: बालरोग, शल्यचिकित्सा, मेडिसिन, पुढे इमर्जन्सी मेडिसिन, जे हैतीत आधी कुणी शिकवतच नव्हतं. शिकवणारे पुढे पुढे हैतीचेच झाले. अमेरिकेतल्या निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या मंडळाची जी आंतरराष्ट्रीय शाखा आहे तिची मान्यता त्या रुग्णालयाने मिळवली. ही मान्यता म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नव्हे. कोण किती तास ड्यूटी करतो, कोण कुणाला काय शिकवतो, चूक झाली की चर्चा कुठे होते, याची वर्षानुवर्षं ठेवलेली वही असते ती. असल्या वहीला देणगीदार मिळवणं फार कठीण.

मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्यांनी मिरबले गावावर हल्ला केला, तुरुंग फोडला, आणि काही आठवड्यांत रुग्णालय रिकामं करावं लागलं. सौर पॅनेल, यंत्रं, थिएटरं मागे राहिली. तिथे तयार झालेली माणसं मात्र आसपासच्या इतर केंद्रांत कामाला लागली. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा बोळ आठवला, का ते मला नीट सांगता येणार नाही.

रवांडातलं बुटारो हे जोडीला पाहा. उत्तरेकडच्या डोंगराळ बुरेरा जिल्ह्यातलं हे रुग्णालय २०११ मध्ये उघडलं, तिथल्याच ज्वालामुखीच्या दगडाचं, तिथल्याच गवंड्यांच्या हातचं. पुढे शेजारच्या टेकडीवर वैद्यकीय विद्यापीठ आलं. शिकणाऱ्यांना फी नाही, बदल्यात ठरावीक वर्षं देशात सेवा. पण बुटारोइतकाच मला रवांडा सरकारचा २०१२ चा निर्णय महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अध्यापक त्यांनी बोलावले, पण अटी आपल्या घातल्या. बरेचसे अध्यापक निदान वर्षभर राहतील, प्रत्येकाची जोडी एका रवांडन अध्यापकाशी, पैसा रवांडा सरकारच्या हातून जाईल, आणि विद्यापीठांना व्यवस्थापन खर्च म्हणून ७ टक्क्यांच्या वर मिळणार नाही. अमेरिकन विद्यापीठं याच्या कित्येक पट घ्यायला सरावलेली असतात. गरीब देशाने पंगतीला बसताना वाढप्याला मोजून वाढायला सांगितलं, असं हे उदाहरण विरळाच.

आता शिबिर. तुमचे सर्जन सज्जन असणार यात शंका नाही. मी ज्या शिबिराची साक्षीदार आहे तेही सज्जनांचंच होतं. नऊ दिवसांत हर्निया, गॉयटर (गळ्यातल्या थायरॉइडची गाठ), हायड्रोसील, सगळं मिळून साठच्या वर. त्या नऊ दिवसांत आमचे इंटर्न ट्रे धरून उभे होते. ज्या हर्नियावर त्यांचा हात बसायचा तो हर्निया पाहुण्यांनी केला. महिन्याचं केटामिन हे भुलीचं औषध आणि टाक्यांचा धागा संपला. पाहुणे गेले त्याच्या तिसऱ्या रात्री गॉयटर काढलेल्या एका बाईच्या मानेत रक्त साचलं. टाके उघडायला मी होते आणि दुसऱ्या वर्षाचा एक क्लिनिकल ऑफिसर होता. बाई वाचली. पण नसती वाचली तर शिबिराच्या अहवालात ती कुठेच आली नसती, कारण अहवाल आदल्या दिवशीच गेला होता.

याउलट केरळचे एक वयस्कर भूलतज्ज्ञ तीन वर्षं ओळीने दर पावसाळ्यात सहा आठवडे यायचे. त्यांचा नियम एकच: लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना वापरायचं साधन, आपल्या हातात घ्यायचा नाही. शिकणाऱ्याच्या मागे उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. सुरुवातीला पोरं वैतागायची. तिसऱ्या वर्षी ते आले तेव्हा त्यांच्या जागी उभं राहून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणारी मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी होती, आणि तीही हात मागे बांधूनच उभी. तुमच्या सर्जनना दहा दिवसच सुट्टी मिळत असेल तर त्यांनी जाऊच नये असं नाही. सलग पाच वर्षं त्याच रुग्णालयात, त्याच महिन्यात जावं, आधी तिथल्या शिक्षकाने यादी करावी, आणि चाकू शिकणाऱ्याच्या हातात. रोजच्या केसेस महिनाभर व्हिडिओवर बोलून घेतल्या तर आणखी बरं. अमेरिकेतली सकाळ म्हणजे तिथली दुपार, वेळ जुळते.

पैशाकडे येऊ. सेवाग्रामचं उदाहरण देते, आपल्या घरचं आहे म्हणून नव्हे, तर हिशेब स्पष्ट आहे म्हणून. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं हे खेड्यातलं वैद्यकीय महाविद्यालय. गांधीजींचं नाव, कस्तुरबांचं रुग्णालय, देणग्यांची कमतरता असू नये असं वाटेल. तरी खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकारचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा, अशी त्याची घडी बसली. शिकवणारं रुग्णालय निव्वळ दानावर उभं राहत नाही. आणि गावकऱ्यांचा वाटा? ऐंशीच्या दशकात तिथे ज्वारीवर आरोग्य विमा होता: सुगीला घरटी ठरलेली ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचारात सवलत. पायलीने ज्वारी मोजून दिलेला माणूस ओपीडीत हात जोडून उभा राहत नाही, हक्काने विचारतो की डॉक्टर कुठे गेले. म्हणून तुम्ही ज्या रुग्णालयाला देणार त्याला आधी विचारा, की सरकार किती देतं आणि गाव काय देतं. दोन्हीचं उत्तर शून्य असेल तर तुमचे ४०,००० डॉलर भोकाच्या बादलीत.

माझा सल्ला: ४०,००० चे पाच भाग करा. वर्षाला ८,०००, पाच वर्षं, आणि पहिल्या दिवशीच लेखी सांगा की पाच वर्षं देणार. यात एका टेक्निशियनचा पगार, त्याच्या हाताखाली सुट्या भागांसाठी एक छोटं खातं, आणि भूल किंवा नवजात बाळांची काळजी शिकणाऱ्या एक-दोघांचं विद्यावेतन बसावं असा माझा अंदाज आहे. नेमका आकडा रुग्णालयाकडून मागवा. पगार त्यांच्याच वेतनश्रेणीत आणि त्यांच्याच पगारपत्रकातून जाऊ दे. वरचा भत्ता चिकटवू नका. आमच्याकडे कार्यशाळांच्या भत्त्यापायी वॉर्ड ओस पडायचे. लोक शिकायला नव्हे, भत्त्याच्या सहीला जायचे, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा, पगार त्याहून कमी.

रक्कम डॉलरमध्ये ठरवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचा या चलनाचं एका झटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं. ज्यांची देणगी क्वाचात ठरलेली होती त्यांचे हातमोजे आणि औषधं तितकीच महागली, देणगी तेवढीच राहिली.

रुग्णालय निवडताना वेबसाइट बघू नका, तीन गोष्टी मागा. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. पाच वर्षांपूर्वी तिथून शिकून गेलेले आज कुठे आहेत त्याची यादी; सगळे लंडनला असतील तर तुम्ही लंडनला देणगी देताय. आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन नंबर. संचालकांशी बोलणं होईलच. याच्याशी आधी बोला. असा माणूसच नसेल तर तुमची पहिली देणगी तीच.

वस्तू दिल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पल्स ऑक्सिमीटर द्या. बोटाला लावायचं, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र. लाइफबॉक्स ही संस्था ज्या थिएटरात ते नसतं तिथे पोचवते आणि त्यासोबत शिकवतेही. २०११ मध्ये ती सुरू करणाऱ्यांत डॉ. अतुल गावंडे होते, ज्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. भूल देताना ओठ निळे पडण्याची वाट पाहणं काय असतं ते मी उमेदवारीच्या काळात अनुभवलंय. छोटंसं यंत्र, बॅटरीवर चालतं, आणि कंटेनर लागत नाही.

राहता राहिलं ते सोनोग्राफी मशीन. त्याचं मॉडेल, साल, व्होल्टेज आणि प्रोबच्या पिनांचा जवळून फोटो काढून निवडलेल्या रुग्णालयाच्या टेक्निशियनला पाठवा. तो हो म्हणाला तर विमानाने पाठवा, नाही म्हणाला तर का नाही ते विचारून घ्या, आणि त्याने उत्तर द्यायला आठवडा लावला तर रागावू नका. बहुधा कुठेतरी फिल्टर धूत असेल.